एव्हर्टन : शेवटच्या दिवशी वाचणारा क्लब, आणि आधीच्या नऊ महिन्यांचा हिशेब

२८ मे २०२३, रविवार. इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातलं गुडिसन पार्क मैदान. मध्यंतराची शिट्टी वाजली तेव्हा एव्हर्टन आणि बोर्नमथ यांच्यात ०-० अशी बरोबरी होती. नुसता हा सामना बघणारा माणूस म्हणाला असता, ठीक चाललंय की! पण तिकडे लेस्टर शहरात लेस्टर सिटीने ३४व्या मिनिटाला वेस्ट हॅमवर गोल चढवला होता. दोन्ही सामने तसेच संपले असते तर एव्हर्टन आणि लेस्टरचे गुण ३४-३४ झाले असते, गोलफरकात लेस्टर पुढे गेलं असतं आणि १९५४ पासून सलग पहिल्या श्रेणीत खेळणारा एव्हर्टन खालच्या श्रेणीत ढकलला गेला असता. म्हणजे स्वतः एकही गोल न खाता, दुसऱ्याच मैदानावरच्या गोलमुळे संघ बुडत होता.

५७व्या मिनिटाला पेनल्टी बॉक्सच्या कडेवर आलेला चेंडू अब्दुलाये डुकुरेने न थांबवता थेट हाणला. गोल! पुढे लेस्टरने आणखी एक गोल केला आणि सामना २-१ असा जिंकलासुद्धा, पण आता त्याचा उपयोग नव्हता. गुडिसन पार्कवर मात्र जीव टांगणीलाच होता. पंचांनी तब्बल १० मिनिटं वाढवून दिली, त्यात गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डला एक अवघड फटका अडवावा लागला. शेवटी १-०. एव्हर्टन ३६ गुण, लेस्टर ३४. लेस्टर आणि लीड्स खाली गेले. साउदॅम्प्टन आधीच गेलं होतं.

मालीकडून खेळणारा डुकुरे मुस्लिम आहे, त्यामुळे हा गोल आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिला असेल. पण एव्हर्टनची गोष्ट या एका गोलाची नाही. शेवटच्या दिवशी मरता मरता वाचण्याची या क्लबला जुनी सवय आहे. आणि प्रत्येक वेळी नीट हिशेब मांडला तर दिसतं की फैसला शेवटच्या दिवशी झाला खरा, पण त्याची गाठ कित्येक महिने आधी बसली होती.

आधी रेलिगेशन म्हणजे काय ते पाहू

प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात. प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. जिंकल्यास ३ गुण, बरोबरीला १. मोसमाच्या शेवटी तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये जातात आणि तिथले तीन वर येतात. यालाच रेलिगेशन म्हणतात. आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना याची धास्ती फारशी अनुभवायला मिळालेली नाही. इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५ मोसमात कोलकात्याचा आपला जुना मोहम्मडन स्पोर्टिंग क्लब तळाला, १३व्या क्रमांकावर राहिला, पण त्या लीगमध्ये रेलिगेशन नसल्यामुळे खाली गेला नाही. इंग्लंडमध्ये अशी माफी नाही.

आणि खाली जाणं म्हणजे फक्त इज्जतीचा प्रश्न नाही. प्रीमियर लीगमध्ये तळाला राहिलेल्या संघालाही टीव्हीच्या पैशातून वर्षाला साधारण १० कोटी पौंड मिळतात. खालच्या श्रेणीत हा आकडा कोसळतो. घसरलेल्या क्लबला धक्का सोसता यावा म्हणून काही वर्षं उतरत्या रकमेची मदत दिली जाते, तिला ‘पॅराशूट पेमेंट’ म्हणतात. तरीही चांगले खेळाडू विकावे लागतात, खर्च कापावा लागतो. खेळाडू दुसरा क्लब शोधतात. तिकीट खिडकीवर, स्वयंपाकघरात, कार्यालयात काम करणाऱ्यांना ती सोय नसते.

शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, तेही मुद्दामच. दुसऱ्याचा निकाल आधी कळला तर सोयीचा खेळ करता येतो. याचं सगळ्यात बदनाम उदाहरण १९८२च्या विश्वचषकातलं. अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असं हरवून खळबळ उडवली होती. पण अल्जेरियाचा गटातला शेवटचा सामना एक दिवस आधी झाला. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा दोघांनाही ठाऊक होतं की जर्मनी एका-दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढे जातात. जर्मनीने सुरुवातीला गोल केला आणि मग उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात काढला. अल्जेरिया बाहेर! त्यानंतरच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. एका मुस्लिम देशाच्या संघावर झालेल्या अन्यायातून आलेला हा नियम आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

१९५१ : एकदा बुडाले ते असे

एव्हर्टन हा लहानसहान क्लब नाही. १८८८ साली इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ संस्थापक क्लबांपैकी तो एक. नऊ वेळा लीग विजेता. संपूर्ण इतिहासात तो फक्त चार मोसम पहिल्या श्रेणीबाहेर राहिला आहे, १९३०-३१ मध्ये एकदा आणि मग १९५१ ते १९५४ सलग तीन.

५ मे १९५१. शेवटचा सामना शेफिल्ड वेन्सडेच्या मैदानावर. नुसती बरोबरी केली असती तरी एव्हर्टन वाचला असता. हरला, तोही ०-६ असा! गंमत म्हणजे सहा गोल मारणारा शेफिल्ड वेन्सडेही खालीच गेला. त्याच दिवशी चेल्सीने बोल्टनला ४-० ने हरवलं आणि चेल्सी, वेन्सडे, एव्हर्टन या तिघांचेही ३२-३२ गुण झाले. त्या काळी गुण सारखे असले की केलेले गोल भागिले खाल्लेले गोल, असा भागाकार करायचे. चेल्सी ५३ भागिले ६५, वेन्सडे ६४ भागिले ८३. फरक किती, तर ०.०४४. एवढ्याशा दशांशाने चेल्सी वाचली. हा भागाकार पुढे १९७६ मध्ये इंग्लंडने बंद केला आणि साधी वजाबाकी, म्हणजे गोलफरक आणला. एव्हर्टनचा मामला मात्र भागाकारानेही सुटण्यासारखा नव्हता. मोसमभरात त्यांनी ८६ गोल खाल्ले होते.

१९९४ : दोन गोलांनी मागे

७ मे १९९४ चा सामना एव्हर्टनच्या जुन्या समर्थकांना तोंडपाठ असतो. तेव्हा लीगमध्ये २२ संघ होते. सकाळी एव्हर्टन ४१ गुणांवर, खाली जाणाऱ्या तिघांत. समोर विम्बल्डन, जे त्या मोसमात चक्क सहाव्या क्रमांकावर राहिले. गुडिसन पार्कचा एक स्टँड पाडून नव्याने बांधायचं काम चालू होतं, त्यामुळे मैदानाची एक बाजू रिकामी.

चौथ्या मिनिटाला एव्हर्टनच्या आंद्रेस लिम्पारच्या हाताला बॉक्समध्ये चेंडू लागला. पेनल्टी, ०-१. विसाव्या मिनिटाला गॅरी अ‍ॅब्लेटकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल, ०-२. इथे बहुतेकांनी आशा सोडली असेल. पण चारच मिनिटांनी एव्हर्टनला पेनल्टी मिळाली. अशा वेळी तो चेंडू हातात घ्यायला काळीज लागतं. ग्रॅहम स्टुअर्टने तो घेतला आणि आत घातला. ६७व्या मिनिटाला बॅरी हॉर्नने लांबून असा फटका मारला की तो चेंडू थेट जाळ्यातच थांबला. हॉर्न काही गोलांसाठी ओळखला जाणारा खेळाडू नव्हता! तरी २-२ पुरेसं नव्हतं. बरोबरीने ४२ गुण झाले असते आणि शेफिल्ड युनायटेडचा गोलफरक एव्हर्टनपेक्षा चांगला होता. ८१व्या मिनिटाला स्टुअर्टने पुन्हा मारलेला फटका तसा साधाच, गोलरक्षकाच्या बाजूने सरपटत आत गेला. ३-२. शेफिल्ड युनायटेड मात्र चेल्सीविरुद्ध २-१ ने पुढे असताना शेवटच्या क्षणी २-३ असं हरलं आणि खाली गेलं.

अंतिम आकडे बघा : एव्हर्टन ४४, साउदॅम्प्टन ४३, इप्सविच ४३, शेफिल्ड युनायटेड ४२. ४२ सामन्यांच्या मोसमानंतर चार संघांमध्ये दोन गुणांचं अंतर. यातल्या कुठल्याही संघाने नोव्हेंबरात हातातला एखादा सामना घालवला असेल, तर तो सामनाही त्या दिवशी मैदानात हजर होताच.

१९९८ : सप्टेंबरमधला न दिलेला गोल

१९९८ चा प्रसंग तर याहून बोलका आहे. १० मे रोजी एव्हर्टन १८व्या स्थानावर, बोल्टन एका गुणाने पुढे. एव्हर्टनला बोल्टनपेक्षा चांगला निकाल हवा होता. एव्हर्टनचे प्रशिक्षक होते हॉवर्ड केंडल, ज्यांनी याच क्लबला १९८५ आणि १९८७ ची लीग जिंकून दिली होती. गॅरेथ फॅरेलीने सुरुवातीलाच गोल केला. पुढे एव्हर्टनने पेनल्टी वाया घालवली आणि ८९व्या मिनिटाला कॉव्हेंट्रीच्या डिओन डब्लिनने बरोबरी साधली. १-१. सगळ्यांचे कान रेडिओकडे. तिकडे चेल्सीने बोल्टनला २-० ने हरवलं आणि एव्हर्टन वाचला. दोघांचे गुण ४०-४०. गोलफरक एव्हर्टनचा उणे १५, बोल्टनचा उणे २०.

आता मागे जा, १ सप्टेंबर १९९७ ला. बोल्टनच्या नव्या मैदानावरचा पहिलाच लीग सामना, पाहुणा संघ एव्हर्टन. बोल्टनच्या जेरी टॅगर्टचा हेडर गोलरेषेच्या आत गेल्याचं टीव्हीवर दिसत होतं. पंचांना दिसलं नाही, गोल दिला गेला नाही. निकाल ०-०. तो एक गोल मोजला गेला असता तर बोल्टनचे ४२ आणि एव्हर्टनचे ३९ गुण झाले असते. गोलरेषेवर चेंडू टिपणारं तंत्रज्ञान प्रीमियर लीगमध्ये आलं ते २०१३ मध्ये. बोल्टनसाठी जवळजवळ १६ वर्षं उशिरा.

पुन्हा डुकुरेकडे

२०२२ मध्येही जीव भांड्यात पडला होता, पण तो शेवटच्या सामन्याच्या आधी. १९ मे रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मध्यंतराला ०-२ ने मागे असलेला एव्हर्टन ३-२ ने जिंकला. पुढच्या मोसमात पुन्हा तीच गत. जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्ड यांची हकालपट्टी झाली आणि शॉन डाइच आले. लॅम्पार्ड यांच्या शेवटच्या काळात डुकुरे संघाबाहेर पडला होता. डाइच यांनी त्याला परत घेतलं.

मग रमजान आला. ३ एप्रिलला टॉटनहॅमविरुद्धचा सामना थोडा थांबवण्यात आला, डुकुरे आणि इद्रिसा गेये यांच्यासारख्या रोजेदार खेळाडूंना रोजा सोडता यावा म्हणून. तेव्हा या थांब्याचं बरंच कौतुक झालं. त्याच सामन्यात पुढे काय झालं, ते मात्र कमी सांगितलं जातं. मध्यंतरानंतर डुकुरेने हॅरी केनच्या तोंडावर हात मारला आणि त्याला लाल कार्ड मिळालं. तीन सामन्यांची बंदी. त्या तीन सामन्यांत एव्हर्टनला नऊपैकी फक्त एक गुण मिळाला. शेवटच्या दिवशी गळ्याशी आलेला फास आवळण्यात त्या एका क्षणाच्या रागाचाही वाटा होता, हे मान्य करायला हवं. त्याने भरपाईही केली. ८ मे रोजी ब्रायटनच्या मैदानावर ५-१ च्या विजयात दोन गोल, त्यातला पहिला सामन्याच्या पहिल्याच मिनिटाला. आणि मग बोर्नमथ.

या गोष्टीला एक कडू बाजूही आहे. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा चालत असे. २०२१-२२ पर्यंतच्या हिशेबात एव्हर्टनने ही मर्यादा १.९५ कोटींनी ओलांडली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले गेले, अपिलात ते ६ वर आले, एप्रिल २०२४ मध्ये पुढच्या वर्षाच्या हिशेबासाठी आणखी २ कापले. एव्हर्टन त्या मोसमात हे सगळं सोसूनही ४० गुणांनी तीन सामने राखून वाचला, हे कौतुकाचंच. पण ही शिक्षा झाली २०२३-२४ मध्ये. तोच ६ गुणांचा दंड २०२१-२२ च्या तक्त्यात लावून बघा. तेव्हा एव्हर्टनचे ३९ आणि खाली गेलेल्या बर्नलीचे ३५ गुण होते. ३९ मधून ६ गेले की उरतात ३३. बर्नलीच्या समर्थकांना हा हिशेब कुणी समजावून सांगायची गरज नाही.

१८ मे २०२५ रोजी एव्हर्टनच्या पुरुष संघाने १८९२ पासूनच्या गुडिसन पार्कवर शेवटचा सामना खेळला. समोर होतं साउदॅम्प्टन, जे त्याआधीच रेलिगेट झालं होतं. सेनेगलच्या इलिमान एन्डियायने दोन गोल केले, निकाल २-० लागला. एव्हर्टनला त्या दिवशी कुठल्याच दुसऱ्या मैदानाकडे कान लावून बसावं लागलं नाही. पुढच्या मोसमापासून संघ नदीकाठच्या जुन्या गोदीत बांधलेल्या ५२ हजारांहून जास्त आसनांच्या नव्या मैदानात गेला.