श्वानाचे पाणपात्र आणि श्रावकाचा यत्नाचार

चैत्र शुद्ध त्रयोदशीला, महावीर जन्मकल्याणकाच्या निमित्ताने, गावोगावची जैन मंडळे मातीचे परळ आणि सिमेंटची कुंडी वाटतात. पक्ष्यांसाठी गच्चीवर आणि मुक्या जनावरांसाठी दाराबाहेर पाणी ठेवावे, हा हेतू. उपक्रम स्तुत्य आहे. उन्हाळ्यात त्याने असंख्य जिवांची तहान भागते. परंतु वाटपाच्या दिवशीचे उत्साही चित्र बाजूला ठेवून तीच कुंडी ज्येष्ठ-आषाढात पाहावीत. कडेला हिरवी रेघ उमटलेली असते, तळाशी कोणीतरी टाकलेली भाताची शिते कुजत असतात आणि पाण्यात बारीक अळ्या वळवळत असतात. गल्लीतले कुत्रे येते, हुंगते आणि तोंड न लावता निघून जाते. दान दिल्याची नोंद दात्याच्या मनात कायम असते. पात्राची नोंद मात्र कोणाच्याच वहीत राहिलेली नसते.

श्वानाविषयी जैन परंपरेची दृष्टी उदार आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात धर्माच्या प्रभावाने श्वानही देवगतीस जातो आणि अधर्माने देवही श्वान होतो, असे सांगितले आहे. वादीभसिंहांच्या क्षत्रचूडामणीतील जीवंधरकुमाराची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. मरणासन्न कुत्र्याच्या कानी त्याने णमोकार मंत्र ऐकवला आणि तो जीव यक्षयोनीत जन्मला. आधुनिक काळातलेही एक उदाहरण आहे. 1832 साली मुंबईत बेवारस कुत्री मारण्याची सरकारी मोहीम निघाली, तेव्हा पारशी समाजाने त्याविरुद्ध मोठा उठाव केला व इतर समाजही त्यात उतरले. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांनी जैन व हिंदू व्यापाऱ्यांच्या साहाय्याने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा केला. श्वानाला पाणी पाजण्याची वृत्ती समाजात जुनी आहे, ती नव्याने शिकवण्याची गरज नाही. उणीव आहे ती पाणी ठेवल्यानंतरच्या दक्षतेची.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. त्यांतील शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जिवाचे अन्नपाणी तोडणे. अंगणात साखळीने बांधलेल्या राखणीच्या कुत्र्याचा विचार येथे प्रथम करावा. मोकळे कुत्रे दुसरे पाणी शोधील. बांधलेल्याला समोरच्या पात्राशिवाय गती नाही. ते पात्र रिकामे असेल, किंवा भरलेले असूनही पिण्यास अयोग्य असेल, तर दोहोंत फरक कितीसा? कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत ते शरीर थंड करते आणि त्यातच त्याचे पाणी खर्च होते. साधारणतः शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते. कडक उन्हात याहून पुष्कळ अधिक.

पण मुख्य मुद्दा याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे पाण्याकडे पाहण्याची शिस्त कडक आहे. दुहेरी जाड वस्त्राने पाणी गाळावे, गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा मूळ जलाशयात सोडावेत, गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त म्हणजे 48 मिनिटे मानावी, ही दिगंबर घरांतील रीत. उकळलेल्या पाण्याला चौमासात तीन, हिवाळ्यात चार व उन्हाळ्यात पाच प्रहर, ही श्वेतांबर परंपरेतील गणना. तपशिलात भेद असला तरी पाया एकच आहे: साठवलेले पाणी काळाबरोबर बदलते आणि त्यात जीवोत्पत्ती होते. स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचे प्रहर मोजणाऱ्या घराच्या दारात आठ-आठ दिवसांचे पाणी साचून राहावे, ही विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. शेवाळ हे अनंतकाय. अनंतकाय म्हणून बटाटा, कांदा, आले उंबरठ्याच्या आत न आणणारे कुटुंब उंबरठ्याबाहेर, स्वतःच्याच हाताने भरलेल्या पात्रात, हिरवा थर वाढवीत असते. एके दिवशी तो थर कोणीतरी खरवडून गटारात टाकतो, तेव्हा काय घडते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

डासांची गोष्ट तर चतुरिंद्रिय जिवांची. डेंग्यू पसरवणारा एडीस डास घाण गटारापेक्षा भांड्यांतील साठलेले, वरकरणी स्वच्छ पाणी पसंत करतो. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरताच फुटतात. म्हणून केवळ पाणी ओतून नवे भरणे पुरेसे नाही. आतली बाजू घासावीच लागते. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते त्याचे कारण हेच.

अळ्या झालेले पात्र समोर आले की श्रावकापुढे निर्दोष मार्ग उरत नाही. मातीत ओतावे तर त्या मरतात. ठेवावे तर डास होतात आणि शेजारच्या घरातले मूल तापाने फणफणते. मग पालिकेचा माणूस औषध टाकतो. रोज घासण्यातही सूक्ष्म हिंसा आहेच, असा प्रश्न काही व्रती मंडळी विचारतात, आणि तो रास्त आहे. गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वथा टळत नाही. ती यत्नाने कमीत कमी ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते. रोजच्या घासण्यात होणारी हानी आणि पंधरा दिवसांच्या विस्मरणानंतर होणारी हानी यांची तुलना केली, तर कोणती बाजू जड भरते हे सांगण्यास पंडित लागत नाही.

व्यवहाराकडे वळू. पहिली चूक आकाराची होते. दया मोठी म्हणून टब मोठा, असे गणित मांडले जाते. पंधरा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे 900 मिलिलिटर पाणी पुरते. गल्लीत अशी चार कुत्री धरली तर साडेतीन-चार लिटर झाले. तेथे वीस लिटरचा टब ठेवला तर पाच दिवसांचा साठा होतो, आणि भरलेले पाणी फेकवत नाही म्हणून तो पाचाचे आठ दिवस राहतो. डासाला हवा असतो तेवढाच हा अवधी! शिवाय खोल टबात खारीची पिले बुडतात ती निराळीच. चार-पाच इंच खोल, रुंद तोंडाचे, चार-पाच लिटरचे जड पात्र सर्वांत सोयीचे. सकाळी भरावे, संध्याकाळी बदलावे. उन्हाळ्यात दुपारी एक फेरी अधिक.

पात्र कशाचे असावे यावर घरोघरी मते आहेत. मातीचा परळ पाणी गार ठेवतो, पण त्याच्या छिद्रांत बुळबुळीत थर मुरतो. तो रोज घासून आठवड्यातून एकदा पुरता वाळवणे जमत असेल तरच घ्यावा. प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत घाण बसते. स्टीलचे पातेले घासण्यास सर्वांत सोपे, मात्र उन्हात ते तापते. जुन्या वाड्यांपुढे दगडी डोणी असत. त्या भक्कम खऱ्या, पण उचलून पालथ्या घालता येत नाहीत, आणि बाहेरच्या पाणपात्राची खरी कसोटी तीच आहे. घरातल्या वृद्ध व्यक्तीला एकटीने जे पालथे घालता येत नाही, ते पात्र रोज स्वच्छ होणार नाही. तेव्हा स्टीलची दोन सारखी पातेली घेऊन, एक सावलीत वापरात आणि दुसरे धुऊन उन्हात पालथे, असा क्रम ठेवल्यास श्रम निम्मे होतात.

घासण्यासाठी नारळाची शेंडी किंवा काथ्या पुरतो. तो वेगळा ठेवावा, स्वयंपाकघरातला वापरू नये. कुत्र्याच्या लाळेने आतल्या बाजूला जो निसरडा थर येतो तो दिसत नाही, बोटाला लागतो. बोट फिरवून पाहणे हीच त्याची तपासणी. भांड्याच्या साबणाचा हलका हात आणि दोन-तीन वेळा भरपूर पाणी, इतके पुरे. बोअरच्या पाण्याने पांढरे क्षार धरले असतील तर चिंच किंवा लिंबाची साल चोळावी. फिनाईलने पात्र कधीही धुऊ नये. ते कुत्र्याला विषारी आहे. डांबराच्या गोळ्या पाण्याशेजारी ठेवणे, पाण्यावर तेलाचे थेंब सोडणे हे उपायही पिण्याच्या पाण्याला लावण्याचे नव्हेत. काढलेले पाणी झाडाच्या आळ्यात ओतावे. ओतण्यापूर्वी पात्राच्या बुडाशी मुंग्या किंवा किडा नाही ना, हे पाहून मऊ कुंचल्याने बाजूला सारावे. मुनींच्या आदाननिक्षेपण समितीचा एवढा अंश गृहस्थालाही सहज पाळता येतो.

जागेचाही विचार हवा. सावलीत शेवाळ कमी धरते आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनही उन्हात उडून जाते तसे झटपट उडत नाही. दिव्याखाली पात्र ठेवल्यास रात्री पतंग त्यात पडतात. मधमाश्या व किडे बुडू नयेत म्हणून पाण्याबाहेर डोके काढील असा एक दगड मध्ये ठेवावा. तो दगडही रोज घासावा, कारण त्याच्या अंगालाही अंडी चिकटतात. उरलेले वरण-भात पाण्यात टाकण्याची सवय तर अगदी मोडावी. अन्न वेगळ्या जागी, खाऊन झाल्यावर भांडे उचलावे.

शहरांतील गृहसंकुलांत हा विषय अनेकदा भांडणापर्यंत जातो. एकाच इमारतीत तळमजल्यावर कुत्र्यांसाठी पाणी ठेवलेले असते आणि जिन्यापाशी कुत्र्यांना पळवण्यासाठी लाल पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात. (त्या बाटल्यांना कुत्री भीत नाहीत, हे त्यांच्याच सावलीत झोपलेली कुत्री रोज सिद्ध करतात.) इमारतीत डेंग्यूचा एखादा रुग्ण निघाला की सभेत पहिले बोट त्या पात्राकडे जाते, आणि त्यात अळ्या सापडल्या तर बोट चुकीचे म्हणता येत नाही. मग पात्रही जाते आणि पाणी देणाऱ्या व्यक्तीचा शब्दही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या प्राण्यांना खाऊ घालण्याच्या जागा जिने, प्रवेशद्वारे व मुलांच्या खेळण्याच्या जागा यांपासून दूर ठरवाव्यात आणि तेथे अस्वच्छता होऊ देऊ नये, अशी तरतूद आहे. समितीशी वाद घालण्यापूर्वी पात्रावर बोट फिरवून यावे. ते स्वच्छ असेल तर निम्मा वाद तेथेच मिटतो. चार घरांनी वार वाटून घेतले आणि फाटकाजवळच्या फळ्यावर बदलल्याची वेळ खडूने लिहिली, तर कोणी विचारण्याचे कारणच उरत नाही.

चौमासात काम वाढते. सर्वत्र पाणी आहे, आता पात्राची गरज काय, असे वाटते. परंतु रस्त्यावरच्या डबक्यांत उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उतरतात आणि तो रोग कुत्र्यांना व माणसांना दोघांनाही होतो. म्हणून पात्र चालू ठेवावे, मात्र वळचणीखाली, पावसाचे पाणी पडणार नाही अशा ठिकाणी. भाद्रपदात पर्युषण व दशलक्षण पर्वात घरची मंडळी दिवसभर मंदिरात असतात, आणि डासांचेही दिवस नेमके तेच. त्या काळात सकाळी अभिषेकाला निघण्यापूर्वी पात्र बदलण्याचा क्रम ठेवलेला बरा. शिखरजी किंवा श्रवणबेळगोळच्या यात्रेला आठ-दहा दिवस जायचे असेल तर शेजाऱ्यावर काम सोपवावे. बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर त्याविना निघूच नये. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी कोणीच मिळाले नाही, तर पात्र घासून, पुसून, पालथे घालून जावे आणि आल्यावर पुन्हा घासून भरावे.