पिवळ्या धोतऱ्याच्या काढ्याची हिवतापावरील चाचणी

पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात पिवळा धोतरा (शास्त्रीय नाव: आर्जेमोने मेक्सिकाना) या वनस्पतीच्या काढ्याची हिवतापावर (मलेरिया) टप्प्याटप्प्याने वैद्यकीय चाचणी घेण्यात आली. लोकांत रूढ असलेला उपचार आधी रुग्णांवर अभ्यासायचा आणि त्यातील कार्यकारी घटकांचा शोध शेवटी घ्यायचा, अशा पद्धतीला 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' म्हणतात. मालीतील ही चाचणी तिचे ठळक उदाहरण मानली जाते. भारतात या संकल्पनेचा पुरस्कार मुंबईचे डॉ. अशोक वैद्य यांनी केला.

पार्श्वभूमी

हिवतापावरील दोन प्रमुख औषधांचे मूळ वनस्पतींतच आहे. सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन 1820 मध्ये वेगळे करण्यात आले. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने 1970च्या दशकाच्या आरंभी आर्टेमिसिनीन शोधले व त्यासाठी त्यांना 2015 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र दुर्गम खेड्यांत तयार औषध वेळेवर पोहोचतेच असे नाही. तेथे रुग्णावर पहिला उपचार बहुधा घरीच, झाडपाल्याने होतो. असा कोणता उपचार खरोखर उपयोगी पडतो, हे पाहणे मालीतील संशोधनाचे उद्दिष्ट होते.

टप्पे

पहिल्या टप्प्यात घरोघरी फिरून नुकत्याच हिवताप होऊन गेलेल्या रुग्णांची माहिती घेण्यात आली. कोणती वनस्पती वापरली, एवढेच न विचारता पुढे रुग्णाचे काय झाले, हेही नोंदवले गेले. एकूण 66 वनस्पतींचा वापर आढळला. त्यांपैकी पिवळ्या धोतऱ्याचा काढा घेतलेल्यांत बरे होण्याचे प्रमाण सर्वांत चांगले होते.

दुसऱ्या टप्प्यात मिसिदुगू या गावी 80 रुग्णांना तीन वेगवेगळ्या मात्रांत काढा देण्यात आला. चौदाव्या दिवशी समाधानकारक सुधारणा दिसलेल्यांचे प्रमाण सर्वांत कमी मात्रेच्या गटात 35 टक्के, मधल्या गटात 73 टक्के आणि सर्वाधिक मात्रेच्या गटात 65 टक्के होते. त्यावरून पुढील चाचणीसाठी मधली मात्रा योग्य ठरली. हे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसऱ्या टप्प्यात 301 रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करून काढ्याची तुलना आर्टेसुनेट-अमोडायाक्विन या प्रमाणित उपचाराशी करण्यात आली. 28 दिवसांत दुसऱ्या औषधाची गरज न भासलेल्यांचे प्रमाण काढ्याच्या गटात 89 टक्के, तर प्रमाणित उपचाराच्या गटात 95 टक्के होते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत आजार गंभीर होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत 1.9 टक्के आढळले. हे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले.

अखेरच्या टप्प्यात बर्बेरीन, प्रोटोपीन व अ‍ॅलोक्रिप्टोपीन ही अल्कलॉइडे परजीवीविरोधी असल्याचे प्रयोगशाळेत आढळले. काढ्याचा दर्जा तपासण्यासाठी अशा घटकांचा उपयोग होतो.

मर्यादा

काढ्याने ताप व इतर लक्षणे कमी झाली, तरी रक्तातील परजीवींचा पूर्ण नाश क्वचितच झाला. मालीसारख्या प्रदेशात वारंवार संसर्ग झाल्याने मोठ्या माणसांत हिवतापाविरुद्ध अंशतः प्रतिकारशक्ती असते. तेथे परजीवींची संख्या घटणेही पुरेसे ठरू शकते. अशी प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

सुरक्षितता

महाराष्ट्रात पिवळा धोतरा पडीक जमिनीत व रस्त्याकडेला तण म्हणून सर्वत्र उगवतो. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात व त्यांत सँग्विनारीन हे विषारी द्रव्य असते. मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाल्यास पायांवर सूज, धाप व हृदयविकार ही लक्षणे असलेला 'एपिडेमिक ड्रॉप्सी' हा आजार होतो. दिल्लीत 1998 मध्ये त्याची मोठी साथ येऊन अनेकांचा मृत्यू झाला. मालीतील काढा रोपाच्या जमिनीवरील भागापासून, पाण्यात उकळून, ठरावीक मात्रेत व वैद्यकीय देखरेखीखाली दिला गेला होता. त्यामुळे या चाचणीच्या आधारे घरगुती प्रयोग करणे धोक्याचे आहे. हिवतापाची शंका आल्यास रक्ततपासणी व प्रमाणित औषधोपचार हाच मार्ग आहे.

भारतातील संबंधित संशोधन

डॉ. वैद्य यांच्या मुंबईतील सहकाऱ्यांनी पारिजातकाच्या पानांचा हिवतापाच्या रुग्णांवरील परिणाम याच दृष्टीने अभ्यासला आहे. आयुर्वेदात ही पाने तापावर पूर्वापार वापरली जातात.

हे सुद्धा पहा

हिवताप
क्विनीन
आर्टेमिसिनीन
पारिजातक