किरणोत्सारी आयोडीन चिकित्सा आणि आपले कर्तव्य

थायरॉइडच्या कर्करोगासाठी मोठ्या शहरात किरणोत्सारी आयोडीन घेऊन परतलेल्या एक भगिनी अशक्ततेच्या तक्रारीसाठी माझ्या चिकित्सालयात आल्या. मांडीवर दोन वर्षांची नात होती. रुग्णालयाचे सूचनापत्र इंग्रजीत असल्याने घरात कोणी वाचले नव्हते. असे रुग्ण हिंगोलीसारख्या जिल्ह्यात प्रथम आपल्याकडेच येतात. म्हणून हा विषय वैद्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

क्ष-किरण यंत्र बंद होताच किरण थांबतात. आण्विक वैद्यकात मात्र किरणोत्सारी द्रव्य शरीरात दिले जाते व काही काळ रुग्ण स्वतःच किरणांचा स्रोत असतो. तपासणीतील टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुकाल सुमारे ६ तास, तर आयोडीन-१३१चा सुमारे ८ दिवस आहे. ग्रंथीने न शोषलेले आयोडीन मुख्यतः मूत्रावाटे, तसेच लाळ व स्वेदावाटे बाहेर पडते.

परळ येथे १९६३ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. अशा केंद्रांत मोठी मात्रा दिलेल्या रुग्णास स्वतंत्र कक्षात ठेवतात व तेथील सांडपाणी टाक्यांत साठवून, किरणोत्सार ओसरल्यावरच सोडतात. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वार्षिक २० मिलिसिव्हर्ट, तर सामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. रुग्ण घरी परतल्यावर मात्र सारी भिस्त सूचनापालनावर असते.

वैद्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सूचनापत्र मागून घ्यावे व त्याचा अर्थ कुटुंबास मराठीत समजावून सांगावा.

२. सांगितलेल्या मुदतीपर्यंत बालके व गर्भवतींपासून अंतर ठेवावे, निजण्याची व्यवस्था स्वतंत्र असावी. अंतर दुप्पट झाल्यास किरणांची तीव्रता सुमारे चतुर्थांश होते.

३. त्या मुदतीत वमन, विरेचन, स्वेदन, रक्तमोक्षण करू नये. मलमूत्र, स्वेद व रक्ताशी परिचारकांचा संपर्क येतो.

४. गर्भावस्थेत ही चिकित्सा निषिद्ध आहे. स्तनपान आधीच थांबवावे लागते. गर्भधारणा साधारणतः सहा महिने टाळावी.

५. चिकित्सेपूर्वी आयोडीनयुक्त मीठ, समुद्री वनस्पती वा तद्युक्त औषधे वर्ज्य असतात. आपण दिलेल्या औषधांची यादी तज्ज्ञांना अवश्य कळवावी.

हा संसर्गजन्य रोग नव्हे. मुदत संपल्यावर रुग्णास वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही, हेही आपणच सांगितले पाहिजे. त्या भगिनींच्या घरी मी सूचनापत्र वाचून दाखवले. ठरलेल्या दिवसांनंतर नात पुन्हा आजीच्या मांडीवर बसली.