येशू क्रूसावर का गेला? ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर

गोव्यातून बांदा, आंबोली, आजरा, गडहिंग्लज असा घाटरस्ता धरला की पुढे संकेश्वर लागते. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव शंकराचार्यांच्या करवीर-संकेश्वर पीठामुळे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत परिचित आहे. अज्ञान हेच बंधन आणि ज्ञान हीच मुक्ती, ही इथल्या मठपरंपरेची शिकवण. याच संकेश्वर-निपाणी-बेळगाव पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या मंदिरांत मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तिन्ही भाषांतून उपासना चालते. गोव्याशी तर या भागाचे नाते थेट आहे. पूर्वी गोव्याच्या महाधर्मप्रांताखाली असलेला मुलूख वेगळा काढून १९५३ साली बेळगावचा धर्मप्रांत स्थापन झाला.

शेजाऱ्याच्या घरातील क्रूस आपण रोज पाहतो. गोव्यात तर वाड्यावाड्यावर, तिठ्यातिठ्यावर खुरीस उभा असतो. तरीही ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाला एक प्रश्न पडतोच. ज्याला हे लोक देवाचा पुत्र मानतात, त्याला गुन्हेगाराचे मरण का यावे? देवाला क्षमाच करायची होती, तर ती मरणावाचून करता आली नसती का? आणि एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटेल? हे प्रश्न रास्त आहेत. ख्रिस्ती विचारवंतही गेली दोन हजार वर्षे हेच प्रश्न स्वतःला विचारीत आले आहेत.

इतिहासाचे उत्तर

प्रथम इतिहास पाहू. क्रूस ही रोमन साम्राज्याची शिक्षा होती आणि ती मुख्यतः गुलामांसाठी, बंडखोरांसाठी राखलेली होती. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इसवी सनापूर्वी ७१ साली सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रूसावर टांगले गेले. जीव घेण्याबरोबरच माणसाची अप्रतिष्ठा करणे आणि पाहणाऱ्यांच्या मनात दहशत बसवणे हाही त्या शिक्षेचा हेतू होता. मराठी बायबलमध्ये क्रूसासाठी ‘वधस्तंभ’ हा शब्द योजला आहे. आज क्रूस गळ्यात दागिना म्हणून घातला जातो. त्याचे मूळचे भीषण रूप या मराठी शब्दाने अधिक नेमके पकडले आहे.

येशूला हा दंड देणारा पंतय पिलात हा इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन अधिकारी होता. रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही पिलाताच्या काळात ख्रिस्ताला देहदंड झाल्याची नोंद केली आहे. अभ्यासक ही घटना साधारणपणे इसवी सन ३० किंवा ३३ मधील मानतात. वल्हांडण सणासाठी यरुशलेम यात्रेकरूंनी भरून गेले होते. मिसर देशाच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा हा सण असल्याने त्या दिवसांत रोमन अधिकारी नेहमीच सावध असत. अशा वेळी येशूने मंदिराच्या आवारातील सराफांचे चौरंग उलथून टाकले आणि तिथल्या व्यापाराला आव्हान दिले. प्रमुख याजक कयफा आणि त्याच्या सभेने त्याच्यावर देवनिंदेचा आरोप ठेवला. पिलातासमोर मात्र आरोप बदलला. हा स्वतःला यहुद्यांचा राजा म्हणवतो, असे सांगितले गेले. क्रूसावर लावलेल्या फलकावरही हाच आरोप लिहिला होता. इतिहासाच्या भाषेत येशू राजद्रोही ठरून मारला गेला.

या इतिहासाचा पुढे भयंकर गैरवापर झाला. ‘ख्रिस्ताचे मारेकरी’ असा ठपका ठेवून युरोपात शतकानुशतके ज्यूंचा छळ करण्यात आला. वास्तविक ट्रेंट धर्मपरिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने क्रूसाची जबाबदारी सर्व पापी माणसांवर, त्यातही ख्रिस्ती लोकांवर अधिक टाकली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हे आणखी स्पष्ट केले. त्या काळच्या सगळ्या ज्यूंना किंवा आजच्या ज्यूंना या मृत्यूबद्दल दोषी धरता येणार नाही, अशी भूमिका तिने घेतली. म्हणूनच ‘येशूला कोणी मारले?’ या प्रश्नाला श्रद्धावान ख्रिस्ती माणसाचे उत्तर ‘आम्ही’ असे असते.

श्रद्धेचे उत्तर

न्यायाच्या नावाने झालेला हा अन्याय ‘आपल्यासाठी’ होता, असे ख्रिस्ती लोक का म्हणतात? ही समजूत फार मागाहून आलेली नाही. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला इसवी सन ५५ च्या सुमारास पत्र लिहिले. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, ही शिकवण आपल्यालाही आधीच्यांकडून मिळाली आहे, असे तो त्यात सांगतो. म्हणजे घटनेनंतर अवघ्या दोन-तीन दशकांत ती रुळलेली होती.

तिची मुळे यहुदी धर्मग्रंथांत आहेत. वल्हांडणाच्या रात्री कोकराचे रक्त ज्या घरांच्या दाराला लावले होते, ती घरे मृत्यूने ओलांडली. मराठी भाषांतरकारांनी ‘ओलांडणे’ यावरूनच ‘वल्हांडण’ हा सुंदर शब्द घडवला. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापे एका बोकडावर ठेवून त्याला रानात सोडले जाई. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात दुसऱ्यांचे दुखणे स्वतःवर घेणाऱ्या एका निरपराध सेवकाचे वर्णन येते. येशूच्या शिष्यांनी हे तिन्ही धागे एकत्र आणले आणि क्रूसावर मेलेल्या आपल्या गुरूत कोकरू, प्रायश्चित्त आणि दुःखभोगी सेवक या तिघांना पाहिले.

एवढे मानले तरी ते मरण नेमके कसे फळले, याबद्दल ख्रिस्ती परंपरेत एकच एक सिद्धांत नाही. आरंभीच्या शतकांत पाप, मृत्यू आणि सैतान यांच्या कैदेतून माणसाला सोडवण्यासाठी दिलेली खंडणी, तसेच त्या शक्तींवर मिळवलेला विजय, अशा रूपकांत विचार होत असे. १०९८ साली कँटरबरीच्या आन्सेल्मने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वेगळी मांडणी केली. पापाने देवाचा मान हिरावला; त्याची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याचे सामर्थ्य केवळ देवाकडे आहे; म्हणून जो देवही आहे आणि माणूसही आहे, त्यानेच ती केली. पुढच्याच पिढीतील आबेलारने प्रेमावर भर दिला. एवढे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, यातच क्रूसाचे सामर्थ्य आहे, असे त्याने मांडले. सोळाव्या शतकातील कॅल्विन आदी सुधारकांनी न्यायालयाची भाषा वापरली आणि आपल्या वाट्याची शिक्षा ख्रिस्ताने भोगली असे सांगितले. यांपैकी कोणताही एक सिद्धांत मानलाच पाहिजे, असे प्राचीन मतांगिकारांत कुठेही म्हटलेले नाही.

मराठी मनाचा आक्षेप

कर्मसिद्धांतावर वाढलेल्या मनाला सर्वात अडचणीचे वाटते ते हेच. ज्याचे कर्म त्याने भोगावे. मग दुसऱ्याने ते कसे भोगायचे? महात्मा गांधींनी हा आक्षेप स्वच्छ शब्दांत मांडला होता. पापाच्या परिणामांतून नव्हे, तर पापातूनच सुटका व्हावी, अशी आपली इच्छा असल्याचे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. तरीही १९३१ साली रोममध्ये व्हॅटिकनमधील क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती पाहून त्यांचे डोळे भरून आले. सिद्धांत त्यांना पटला नाही. स्वेच्छेने सोसणारा माणूस मात्र त्यांच्या काळजाला भिडला.

ख्रिस्ती विचारवंतांचे या आक्षेपाला उत्तर दुहेरी आहे. पहिले, पापातून सुटका हीच पौलाचीही मागणी आहे. कृपा मिळाली म्हणून खुशाल पाप करीत राहावे काय, असा प्रश्न त्याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित केला आणि त्याचे ठाम नकारार्थी उत्तर दिले. क्रूस म्हणजे पापाचा परवाना नव्हे. दुसरे, क्षमा फुकट नसते. निपाणीच्या तंबाखू बाजारातले उदाहरण घेऊ. हंगाम बुडालेल्या शेतकऱ्याची उचल व्यापाऱ्याने माफ केली, तर पैसे हवेत विरत नाहीत. तो तोटा व्यापाऱ्याच्या खतावणीत जातो. जो क्षमा करतो, तो झळ सोसतो. क्रूसावर देवाने माणसाच्या अपराधाची झळ स्वतः सोसली, असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते.

‘स्वतः’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. रागावलेल्या पित्याने निरपराध मुलाला बदडले, असे चित्र उभे केले तर ते क्रूरच दिसेल. अनेक ख्रिस्ती धर्मपंडितांनीही अशा मांडणीवर कठोर टीका केली आहे. पिता आणि पुत्र एकच देव आहेत, ही त्रैक्याची शिकवण बाजूला ठेवली की क्रूसाचा अर्थ विकृत होतो.

संकेश्वरच्या मठाची शिकवण आणि क्रूसाची शिकवण यांतील फरकही इथेच आहे. अद्वैतात बंधन अज्ञानाचे असते, म्हणून गुरू ज्ञान देतो. ख्रिस्ती दृष्टीने बंधन तुटलेल्या नात्याचे असते आणि नाते जोडायला कोणीतरी स्वतःहून जवळ यावे लागते. दोन्ही एकच आहेत असे म्हणणे सोयीचे असले, तरी दोन्ही परंपरांवर ते अन्याय करणारे ठरेल.

मराठीतला क्रूस

हा विचार मराठीत आणण्याचे मोठे काम गोव्यातच झाले. इंग्लंडमधून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. हजारो ओव्यांच्या या ग्रंथाचा दुसरा भाग येशूच्या चरित्राचा आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ असा परिचित शब्द योजून स्टीफन्स यांनी परकी वाटणारी कथा पुराणाच्या चालीत बसवली. पुढे १६५९ साली फ्रान्सिस्को वाझ दि गिमारांइश यांनी केवळ येशूच्या दुःखभोगावर मराठी पुराण रचले. वसई-मुंबईकडील ख्रिस्ती समाजात ते उपवासकाळात गायले जात असे. एकोणिसाव्या शतकात बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ साली तिथेच बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या १८८८ सालच्या आत्मचरित्रात त्यांनी आपला प्रवास मांडला. नंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली मानून अभंगाच्या छंदात गायिले. युरोपातील न्यायालयाच्या भाषेपेक्षा भक्तीची ही भाषा मराठी ख्रिस्ती माणसाला अधिक जवळची वाटली.

आणखी एक अर्थ या भूमीत उमटला. येशूला नगराच्या वेशीबाहेर मारले गेले, याची आठवण नव्या करारातील इब्री लोकांस पत्र आवर्जून देते. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजाला या शब्दांतून काय ऐकू आले असेल, हे वेगळे सांगायला नको. १९८१ साली बेंगळुरू येथे अरविंद निर्मळ यांनी दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविद्येचा आरंभ झाला. तिने क्रूसावरच्या येशूत बहिष्कृतांचा सोबती पाहिला. तसेच, ‘मुकाट्याने सोसा’ असे पीडितांना सांगण्यासाठी क्रूसाचा वापर करू नये, असेही या परंपरेने बजावले. येशूने दुःख सोसले, पण अन्यायाला न्याय म्हटले नाही.

उत्तम शुक्रवारी गोव्यातील चर्चमधल्या घंटा मुक्या असतात आणि वेदीवरची वस्त्रे काढलेली असतात. तो शोकाचा दिवस असूनही इंग्रजीत त्याला ‘गुड’ आणि मराठीत ‘उत्तम’ म्हणतात, कारण ख्रिस्ती श्रद्धेत कथा तिथे संपत नाही. तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान येते. पुनरुत्थानावाचून आपली श्रद्धा व्यर्थ आहे, असे पौलाचे म्हणणे होते. हे उत्तर कोणी स्वीकारावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. मात्र तिठ्यावरच्या खुरसासमोर शेजारी हात जोडतो, तेव्हा तो वधस्तंभाची पूजा करीत नसतो. आपला देव माणसाच्या दुःखात उतरला, या विश्वासाला तो नमस्कार करीत असतो. एवढे समजले, तरी शेजारधर्म अधिक जाणतेपणाने पाळता येईल.