गिटारची तार निवडताना: आकडा आधी, धातू मग, नाव शेवटी

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं पाकीट हातात घेतलं की नजर जाते ती कंपनीच्या नावाकडे आणि रंगाकडे. खरी माहिती मात्र कोपऱ्यातल्या दोन आकड्यांत असते: ९-४२, १०-४६, ११-४९. पहिला आकडा सगळ्यांत बारीक तारेच्या जाडीचा, दुसरा सगळ्यांत जाड तारेचा. दोन्ही इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेले. दुकानात याला ‘गेज’ म्हणतात आणि मागताना ‘झिरो नाइन’ किंवा ‘झिरो टेन’ म्हणून मागतात.

नऊ आणि दहा या दोन तारांच्या जाडीत फरक आहे फक्त ०.०२५ मिलिमीटरचा. माणसाच्या डोक्यावरचा केसही याहून जाड असतो. पण फेंडरच्या धाटणीच्या गिटारवर, जिथे तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर असते, तिथे पहिली तार ‘ई’ स्वरात मिळवायला नऊच्या तारेला सुमारे ६ किलो वजनाइतका ताण द्यावा लागतो आणि दहाच्या तारेला सुमारे ७.४ किलोचा. सहाही तारांची बेरीज केली तर ९-४२चा संच गिटारच्या नेकला सुमारे ३८ किलोने ओढतो, १०-४६चा सुमारे ४७ किलोने. बोटांना जाणवतो तो हाच फरक. म्हणून नवशिक्यांना माझं पहिलं सांगणं असतं, की ‘कुठल्या कंपनीची घेऊ?’ हा प्रश्न शेवटी विचारा.

या हिशेबामागचा नियम जुना आहे. मारँ मेर्सेन या फ्रेंच पाद्री-गणितज्ञाने १६३६ साली तो ‘हार्मोनी युनिव्हर्सेल’ या ग्रंथात मांडला. तारेची लांबी निम्मी केली की तिची कंपनसंख्या दुप्पट होते. ताण चौपट केला तरी दुप्पट होते. उलट, तारेचं दर मीटरमागचं वजन चौपट केलं की कंपनसंख्या निम्म्यावर येते. पहिल्या तारेला सेकंदाला सुमारे ३३० वेळा कंप पावायचं आहे, लांबी गिटार बनवणाऱ्याने ठरवून टाकलेली आहे, म्हणजे तुमच्या हातात उरलं फक्त वजन. जाडी वाढली की वजन वाढतं आणि तोच स्वर गाठायला ताणही तितकाच वाढवावा लागतो. गिब्सनच्या गिटारवर तारेची लांबी थोडी कमी, साधारण ६२९ मिलिमीटर असते. तेवढ्यानेही ताण सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. फेंडरवर नऊ वाजवणारे कितीतरी जण गिब्सनवर दहा लावतात, ते याचमुळे.

याच सूत्रातून निघणारी एक गोष्ट मला फार आवडते. जाड तार कमी तुटते असा सर्रास समज आहे. पण तार तुटते ती एकूण ताणामुळे नव्हे, तर दर चौरस मिलिमीटरवर येणाऱ्या ताणामुळे. जाडी वाढली की ताण वाढतो आणि त्याच प्रमाणात तारेचं क्षेत्रफळही वाढतं. भागाकार केला की उत्तर तेच. पहिली तार नऊची असो वा तेराची, ‘ई’ला मिळवल्यावर तिच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे १४६ किलोचा भार येतो. वाद्यासाठी ओढलेली कार्बनयुक्त पोलादी तार याच्या दुपटीच्या आसपास भार सोसते. म्हणजे दोन्ही तारा तुटण्यापासून सारख्याच दूर असतात. तुमची तार वारंवार तुटत असेल तर ती कुठे तुटते ते आधी पाहा. बहुतेक वेळा ती घोडीवर, खुंटीजवळ किंवा एखाद्या धारदार खाचेत तुटलेली असते. ती धार बारीक पॉलिश पेपरने मोडून काढली की तक्रार मिटते. जाड तार घेऊन मिटत नाही.

बेंडचंही असंच आहे. तार पडद्यावर दाबून आडवी ढकलायची आणि सूर चढवायचा, ही क्रिया सतारीच्या मींडेच्या जातीची. पूर्ण एक स्वर चढवायचा तर तारेचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढावा लागतो. साध्या पोलादी तारेच्या बाबतीत, ती पातळ असो की जाड, त्यासाठी तिला ढकलण्याचं अंतर जवळपास तेवढंच पडतं. बदलतो तो जोर. दहाच्या तारेला नऊपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त जोर लागतो. तासभर वाजवल्यानंतर हे टक्के बोटांच्या टोकांना चांगलेच कळतात.

बेंड करता येईल अशा पातळ तारा दुकानात मिळू लागल्या त्याला फार वर्षं झालेली नाहीत. १९५०च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारसाठी मिळणारे संच जाड असत आणि त्यांतली तिसरी तार वेटोळ्यांची असे. जेम्स बर्टनसारखे वादक यावर तोड म्हणून पहिल्या तारेच्या जागी बँजोची बारीक तार लावत आणि बाकीच्या तारा एकेक घर खाली सरकवत. कॅलिफोर्नियातल्या टारझाना इथे अर्नी बॉल यांचं छोटं गिटारचं दुकान होतं आणि ते शिकवण्याही घेत. ती जाड तिसरी तार दाबताना विद्यार्थी मेटाकुटीला येतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतः हलके संच करून घेतले आणि १९६२ साली ‘स्लिंकी’ या नावाने बाजारात आणले. १०, १३, १७, २६, ३६, ४६ ही त्यांतली आकड्यांची मालिका आज जगभर सर्वाधिक प्रचलित मालिकांपैकी एक आहे. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांची बोटं पाहून हे सुचलं, याचं मला मोल वाटतं.

वेटोळ्यांची तिसरी तार बेंडला इतकी का नडते? त्यासाठी तारेच्या आत डोकवायला हवं. जुनी सहावी तार काढल्यावर टाकून देऊ नका. पक्कडीने तिचं टोक कापा, बाहेरचं वेटोळं सुटं करा आणि भिंग लावून बघा. आत साधारण ०.४ मिलिमीटरचा पोलादी गाभा दिसेल, बहुधा गोल नव्हे तर षटकोनी. त्याच्या कडा वेटोळ्याला घट्ट धरून ठेवतात, ते घसरू देत नाहीत. ही सगळी खटपट ताठरपणा टाळण्यासाठी आहे. सहाव्या तारेला वजन हवं, पण १.१७ मिलिमीटरची सलग पोलादी सळई लावली तर ती त्या गाभ्याच्या पन्नासपटींहून जास्त ताठर होईल, कारण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ताठर तारेचे उपस्वर आपल्या जागेवरून वर सरकतात आणि नाद बेसूर, पत्र्यासारखा लागतो. वेटोळं ताठरपणा फारसा न वाढवता वजन देतं. मात्र ताण जवळपास सगळा बारीक गाभाच पेलत असतो. तो आधीच इतका ताणलेला असतो, की त्याच प्रमाणात ताण वाढवायला त्याला साध्या तारेपेक्षा बरंच जास्त ढकलावं लागतं.

आता धातूकडे येऊ. १९३१ साली जॉर्ज बीचम यांनी अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीने ‘फ्राइंग पॅन’ नावाने ओळखली जाणारी गिटार घडवली, तेव्हापासून पिकअपचं, म्हणजे तारेचं कंपन विजेत उतरवणाऱ्या भागाचं, तत्त्व तेच आहे. चुंबक तारेला चुंबकित करतो, ती हलली की पिकअपच्या वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरडेने १८३१ साली दाखवल्याप्रमाणे त्यात वीज निर्माण होते. याचा अर्थ तार चुंबकाकडे ओढली जाणारी हवी. नायलॉनची तार पिकअपला कळतच नाही. ॲकॉस्टिक गिटारच्या कांस्य वेटोळ्याच्या तारा लावल्या तर फक्त आतला पोलादी गाभा बोलतो, खालच्या तारा दबतात आणि वरच्या साध्या तारा कर्कश पुढे येतात. पैसे वाचवायला हा प्रयोग करू नये.

वेटोळ्याला तीन धातू प्रचलित आहेत. शुद्ध निकेल लोखंडाच्या मानाने बरंच कमी चुंबकित होतं. त्याचा नाद मऊ, गोलसर, जुन्या रेकॉर्डवरच्या ब्लूज आणि जॅझला साजेसा. स्टेनलेस स्टीलचा नाद तीक्ष्ण आणि झळझळीत. ते गंज कमी धरतं, पण कडक असल्याने पडदे लवकर झिजवतं. इथे वापरतात ते चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचं स्टेनलेस. आपल्या घरातल्या बऱ्याच स्टीलच्या भांड्यांना चुंबक चिकटत नाही, ती जात वेगळी. या दोन्हींच्या मधलं म्हणजे निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद, आणि आज विकले जाणारे बहुतेक संच त्याचेच असतात. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र स्टेनलेसकडे वळावं. आणि एक गोष्ट पाकिटावर ठळकपणे सांगितलेली नसते: हे सगळं वर्णन प्रामुख्याने खालच्या तीन तारांचं आहे. वरच्या तीन साध्या तारा जवळपास प्रत्येक संचात पोलादीच असतात.

जाड तारेशिवाय जाड आवाज नाही, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी टेक्सासचे दोन वादक शेजारी ठेवून ऐकावेत. स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा अर्धा स्वर उतरवून वाजवत. उतरवल्यावरही पहिल्या तारेवर सुमारे ११ किलोचा ताण राहतो. त्यांच्या बोटांची कातडी सोलून निघे आणि ते ती सुपरग्लूने चिकटवत. ‘झी झी टॉप’चे बिली गिबन्स सातच्या तारा वाजवतात. मूळ ‘ई’ला मिळवली तरी सातच्या तारेचा ताण साडेतीन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे जवळपास एकतृतीयांश. दोघांचाही नाद भरदार आहे. तिसरं उदाहरण टोनी आयोमी यांचं. १९६५ साली बर्मिंगहॅममधल्या कारखान्यातल्या अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरे असल्याने त्याच बोटांनी त्यांना तारा दाबायच्या होत्या. त्यांनी टोप्या बनवून बोटांना लावल्या, बारीक तारा घेतल्या आणि पुढे त्या तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. एवढं उतरवलं की ताण २९ टक्क्यांनी कमी होतो. ‘ब्लॅक सबाथ’चा तो जडशीळ आवाज बारीक, सैल तारांतून आला आहे. जाड तार पिकअपला थोडा मोठा संकेत देते हे खरंच. पण अँप्लिफायरचं बटण तेवढा फरक सहज भरून काढतं.

मग कंपनीच्या नावाला काही अर्थ आहे की नाही? आहे, पण थोडा. डॅडारिओ हे घराणं इटलीतल्या साले गावात सतराव्या शतकापासून आतड्याच्या तारा वळत होतं. ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेलं. त्यांच्या १०-४६च्या संचातले सहाही आकडे अर्नी बॉलच्या नेहमीच्या १०-४६शी तंतोतंत जुळतात. गाभा दोन्हींत षटकोनी, वेटोळं दोन्हींत निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं. डोळे मिटून या दोन नव्या संचांतला फरक ओळखून दाखवण्याची पैज मी घेणार नाही. खरा वेगळेपणा एलिक्सरसारख्या तारांत आहे. गोरटेक्स बनवणाऱ्या गोर कंपनीच्या या तारांवर पॉलिमरचं अतिपातळ आवरण असतं.

मुंबई, कोकण आणि गोव्यात या आवरणाला किंमत आहे. पावसाळ्यात दमट, खारी हवा आणि बोटांचा घाम मिळून साध्या तारेवर लवकर तांबूस ठिपके आणतात. वेटोळ्याच्या फटींत घाम, तेल आणि कातडीचे कण साचतात. तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, वरचे उपस्वर विझतात आणि ट्यूनर हिरवा दिवा दाखवत असतानाही कॉर्ड बेसूर लागतो. आवरणाच्या तारा महाग पडतात, पण घाम फार येणाऱ्या आणि समुद्राजवळ राहणाऱ्या वादकाला त्या परवडतात. ज्याला आवडत नाहीत त्याने वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तार खालच्या बाजूनेही पुसावी. ऑनलाइन घेताना नकली पाकिटांपासूनही सावध राहा. काही कंपन्या पाकिटात पडताळणीचा कोड देतात, तो तपासा.

गेज बदललं की गिटारही नव्याने जुळवावी लागते, हे कित्येकांना सांगितलेलंच नसतं. ४७ किलोची ओढ ३८वर आली की नेकची कमान बदलते, पडद्यांवर तार खडखडते, फेंडरच्या स्ट्रॅट गिटारची तरंगती घोडी स्प्रिंगांच्या ओढीने मागे बसते. नेकच्या आतला, कमान सांभाळणारा ट्रस रॉड आणि घोडीच्या स्प्रिंग जुळवा. मग बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर एकच येतो का ते पाहा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर घोडीवरचा टेकू मागे घ्या.

नुकती सुरुवात केली असेल तर फेंडर धाटणीच्या गिटारला ९-४२, गिब्सन धाटणीला १०-४६, निकेलचा मुलामा असलेला, कुठल्याही नामांकित कंपनीचा साधा संच घ्या. तारा चढवल्याची तारीख केसमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी काही वेगळं करून पाहायचं असेल तर गेज तरी बदला किंवा धातू तरी. दोन्ही एकदम बदललेत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.