साठ हजारी पुडी

आमच्या ऑफिसात सध्या कॉफी मशीनपाशी दोनच विषय असतात. अप्रेझल आणि व्हिटॅमिन डी. 'तुझं किती आलं?' असं कुणी विचारलं, की आधी समजून घ्यावं लागतं, पगारवाढ विचारतोय की रिपोर्ट!

माझं ११ आलं. (रिपोर्ट, बॉस. पगारवाढ नाही.) रक्तात दर मिलिलीटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली गेलं, की सहसा कमतरता म्हणतात. पुण्यात राहून, डोक्यावर एवढं ऊन असताना? पण हिशेब केला तेव्हा पटलं. सकाळी कॅब, रात्री कॅब, मधले दहा तास काचेच्या बिल्डिंगमध्ये. खिडकीतून ऊन टेबलावर येतं खरं, पण त्वचेत हे व्हिटॅमिन बनवणारे यूव्हीबी किरण काचच अडवते. विंडो सीटसाठी मी उगाच भांडलो होतो. आणि जेवणातून म्हणाल, तर बांगडा, तारली, अंड्यातला पिवळा बलक. माझ्या डब्यात भेंडी.

डॉक्टरांनी पुडी लिहून दिली. ६०,००० युनिट. आठवड्याला एक, आठ आठवडे, नंतर महिन्याला एक. हे व्हिटॅमिन स्निग्ध पदार्थांत विरघळतं, म्हणून दुधातून किंवा जेवणानंतर घ्यायचं. तीन महिन्यांनी आकडा ३२ झाला. थकवा गेला का? खरं सांगू? अर्धा गेला. उरलेला अर्धा रात्री दीड वाजता झोपण्याचा होता.

पण मी मात्र त्या पुडीचा प्रचारकच झालो. दिसेल त्याला सल्ला. दिवाळीत साताऱ्याला गेलो, तेव्हा बाबांसाठी अख्खा बॉक्स नेला. टेस्ट नाही, डॉक्टर नाही. 'बाबा, गुडघे दुखतात ना तुमचे? ही घ्या, दुधातून.' एवढं सांगितलं आणि पुण्याची बस पकडली.

आठवड्यातून एकदा, हे सांगायचं राहिलं.

बाबा शिस्तीचे. रोज रात्री साडेनऊला एक कप दूध आणि एक पुडी. बॉक्स संपल्यावर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता आणखी दिल्या. असा दीड महिना. आधी भूक गेली. मग बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्री चारचारदा उठणं. आई म्हणाली, वय झालं. एका सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि बाबा मला फोनवर दोनदा दादाच्या नावाने हाक मारून बोलले. मी तसाच निघालो.

रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं, किडनीवर ताण आला होता. डॉक्टरांनी विचारलं, 'काय काय घेतात?' आईने पर्समधून पुडी काढली. ४५ पुड्या म्हणजे २७ लाख युनिट. प्रौढ माणसाला रोज लागतात साधारण ६००, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज ४,०००च्या वर जाऊ नये. व्हिटॅमिन सी जास्त झालं तर बरंचसं लघवीतून निघून जातं. हे तसं जात नाही, शरीरातल्या चरबीत महिनोन्‌महिने साठून राहतं. बाबा सहा दिवस सलाइनवर होते. त्या सहा दिवसांत मी कुणालाही सल्ला दिला नाही.

वाचलं मात्र भरपूर. अमेरिकेत २५,८७१ जणांवर 'व्हायटल' नावाची मोठी चाचणी झाली, निम्म्यांना रोज २,००० युनिट. २०२२ साली निष्कर्ष आला, की एरवी धडधाकट असलेल्या लोकांत त्याने फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. २०२४ साली तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने तर सांगितलं, की पन्नाशीच्या आतल्या निरोगी माणसाने सरसकट टेस्ट करू नये आणि रोजच्या गरजेपलीकडे गोळ्याही घेऊ नयेत. खरी कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या ११ला औषध हवंच होतं. बाबांचा आकडा किती होता, हे आता कधीच कळणार नाही.

बाबा आता बरे आहेत. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, 'काही दिवस दूधदुभतं कमी, आणि उन्हातही फार बसू नका.' ज्या अंगणात मी बाबांना रोज दुपारी बसायला सांगायला हवं होतं, तिथे आता आई त्यांना बसू देत नाही.

माझ्या ड्रॉवरमध्ये तीन पुड्या उरल्यात. प्रत्येकीवर मार्करने महिन्याचं नाव लिहून ठेवलंय.