रेझिनचे रंगीत ठोकळे : घरगुती ओतकाम

पेनची नळी किंवा लहानशी मूठ लेथवर कातण्यासाठी जो लांबट चौकोनी ठोकळा लागतो, त्याला कारागीर ‘ब्लँक’ म्हणतात. पेनसाठी तो साधारण १९ मिलिमीटर जाड व १२५ मिलिमीटर लांब असला की पुरतो आणि सिलिकॉनच्या साच्यात घरीही ओतता येतो.

इपॉक्सीमध्ये मूळ रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर, असे दोन घटक असतात. त्यांचे प्रमाण वजनाने दिले आहे की आकारमानाने, हे डब्यावर आधी पाहावे, कारण दोहोंची घनता वेगळी असते आणि प्रमाण चुकल्यास ठोकळा चिकट राहतो.

खरी कसोटी रंगाची. अभ्रकाची चमकदार पूड घातलेले दोन रंग पातळ असतानाच एकत्र ओतले तर ते मिसळून मातकट होतात. मिश्रण मधासारखे दाटू लागल्यावर ओतून काडी एकदोनदाच फिरवली, तर रंगांच्या लाटा वेगळ्या राहतात. अधिक ढवळण्याचा मोह आवरणे हेच यातले कौशल्य.

बुडबुडे घालवण्यासाठी साचा ४० ते ६० पीएसआय दाबाच्या खास पात्रात ठेवतात, ज्यामुळे ते आकसून दिसेनासे होतात. घरचा कुकर सुमारे १५ पीएसआयसाठीच बनवलेला असल्याने तो येथे मुळीच वापरू नये.

पॉलियुरेथेन रेझिन लवकर घट्ट होते, परंतु ओलाव्याने फेसाळते; कोकणातल्या पावसाळ्यात ते टाळलेले बरे.

हातमोजे, खेळती हवा आणि कातताना मास्क अनिवार्य समजावा. शंका विचारताना रेझिनचा प्रकार अवश्य नमूद करावा.